मागची थप्पी

"मेलेला माणूस पावती घेऊन येत नाई, बावा."

असं म्हणत गुणवंतराव रामटेके डेपोच्या फाटकाचा आडवा बांबू वर करत. समोर उभा असलेला माणूस बहुतेक वेळा रात्रभर जागलेला असे. डोळे लाल, पाय अनवाणी, खांद्यावरचा दुपट्टा कसाही टाकलेला. त्याला तोंडाने काही मागावं लागत नसे. गुणवंतराव त्याचा चेहरा वाचत, डेपोच्या मागच्या अंगाला जात आणि दोन लांब, सरळ बांबू निवडून आणत. तिरडीचा बांबू वाकडा चालायचा नाही, हा त्यांचा हट्ट. "जिता असताना सरळ रस्ता भेटला नाई बिचाऱ्याले," ते म्हणत, "आता तं भेटू द्या."

मांडवाचे बांबू न्यायला आलेल्याची मात्र ते पुरती मजा घेत. "नवरी पाहून आला का आधी बांबूच पाह्यले आला? नवरीपेक्षा बांबू ऊंच निघाला तं आमच्या नावानं बोंब नको." पोरगा लाजून पायाने माती उकरू लागला की हे स्वतःच्याच विनोदावर खूप वेळ हसत. हसताना त्यांच्या कानावर खोचलेली पेन्सिल हमखास खाली पडे.

आमचं गाव कोसंबटोला. आलापल्लीहून एटापल्लीकडे जाणारा रस्ता जिथे दोनदा वळतो, तिथे जंगलाने आपल्या काखेत धरून ठेवलेलं. हवा स्वच्छ असली की सूरजागडचे डोंगर निळे दिसतात आणि नसली की ते तिथे आहेत हे आम्ही धरून चालतो. गडचिरोली जिल्हा चांद्यापासून, म्हणजे चंद्रपुरापासून, वेगळा झाला, त्याच्या आसपास इंद्रावती पुठ्ठा मिलने आमच्या गावाच्या टोकाला बांबूचा डेपो उघडला. कारखाना दूर, पार नदीपलीकडे. पण पुठ्ठा ज्याचा होतो तो बांबू आमच्या डोंगरांवरचा. तोडणारे हात आमचे, ट्रक त्यांचे.

ही कंपनी कोण्या एका शेठची नव्हती. तिचे शेअर लोकांनी घेतले होते. नागपूरचे डॉक्टर, मुंबईचे पेन्शनवाले, आमच्या शाळेचे हेडमास्तरसुद्धा. कामगारांनाही दहा-दहा शेअर मिळाले होते. गुणवंतरावांनी आपल्या शेअरचा कागद काच लावून बुद्धाच्या फोटोच्या बाजूला टांगला होता. त्यांची बायको रंभाबाई पाहुण्यांना तो दाखवून म्हणायची, "आमचं लगन झालं तेव्हाचा काही कागद नाई जी घरात. कंपनीसंगं झालं त्याचा मात्र हाय."

गुणवंतराव मूळचे भद्रावतीकडचे. छप्पन साली वडील, भाऊ आणि नवी नवरी रंभाबाई यांच्यासोबत ते चांद्याला दीक्षेला चालत गेले होते. त्या चालण्याबद्दल विचारलं तर ते रस्त्यात खाल्लेल्या ज्वारीच्या भाकरीची चव तेवढी सांगत. शिक्षण सातवीपर्यंत, पण अक्षर असं की तहसीलदारानेही दोनदा पाहावं. डेपोत ते मुन्शी म्हणून आले आणि आमचेच झाले. दुपारची कामं संपली की थप्प्यांच्या मधल्या गल्लीतून ते एकटे हिंडत. ओल्या बांबूचा वास, वाऱ्याने बांबूवर बांबू घासल्याचा तो करकर आवाज. हिंडताना ते हाताने प्रत्येक थप्पीला नुसता स्पर्श करत जात, जसा बाप झोपलेल्या लेकरांना करतो.

आता मागच्या थप्पीबद्दल सांगतो.

डेपो आला तेव्हा जवळपासचं सगळं बांबूचं रान कंपनीच्या ठेक्यात गेलं. आधी गावात कोणी गेलं की पोरं कुऱ्हाड घेऊन निघत आणि तासाभरात तिरडी तयार होई. आता रानात कुऱ्हाड लावली की जंगलखात्याचा नाकेदार आडवा. पहिल्याच पावसाळ्यात गावातली एक म्हातारी वारली. तिचा लेक बांबूसाठी वणवण फिरला. शेवटी डेपोच्या फाटकाशी येऊन रडत उभा राहिला. गुणवंतरावांनी त्याला दोन बांबू दिले आणि त्यांची किंमत आपल्या पगारातून भरली.

ही गोष्ट बांबू तोडणाऱ्यांच्या कानावर गेली. बंडल वीस बांबूंचं असे, मजुरीही विसाचीच. हंगाम सुरू झाला तेव्हा वारलूने, म्हणजे जो पुढे डेपोचा चौकीदार झाला त्याने, आपल्या बंडलासोबत एक बांबू जास्तीचा आणून ठेवला.

"हा कायचा गा?" गुणवंतरावांनी विचारलं.

"तुमचा पगार पुरते काय मुन्शीदादा गावभर मराले?" वारलू म्हणाला. "हा आमचा. ठिवा मांगं."

मग सगळेच ठेवू लागले. खळ्यावरून उठताना धानाची एक ओंजळ गावासाठी काढून ठेवावी, तशी ही रीत पडली. कोणी ठरवली नाही, कोणी बोलून दाखवली नाही. त्या बांबूंची डेपोच्या मागच्या कुंपणाशी एक वेगळी थप्पी झाली. तिच्यातून माणसं गेली, लग्नं लागली, एकदा शाळेचं उडालेलं छप्पर उभं राहिलं. ती कोणाच्याच वहीत नव्हती. गुणवंतरावांच्या मते ती असायचं कारणच नव्हतं. वही कंपनीची आणि थप्पी गावाची.

गुणवंतरावांच्या वर खुशालराव साहेब. त्यांच्याकडे असे पाच-सहा डेपो, आणि राहायचे चंद्रपुरात. अंगाने भरलेले, मनाने मऊ, जीपमधून उतरले की आधी जेवण काय ते विचारणारे. प्रत्येक आवक-जावक पावतीवर त्यांची सही लागे. पण दर पावतीला साहेब कुठून यायचे? मग ते महिन्यातून एकदा येत आणि कोऱ्या पावत्यांचं अख्खं पुस्तक पुढे घेऊन, डाव्या हाताने कोंबडीचा तुकडा धरून, उजव्या हाताने सह्या ठोकत. पहिल्या पानावर 'खुशालराव' नीट वाचता येई. शेवटच्या पानापर्यंत त्याचं गांडूळ झालेलं असे.

"साहेब, पाहून तं घ्या कायवर सही करून राह्यले," गुणवंतराव म्हणत.

"काऊन पाहू? तुम्ही हाय ना. देवावर नाई तेवढा भरोसा तुमच्यावर हाय माहा. रस्सा वाढा थोडा."

वर्षाच्या शेवटी, मार्चमध्ये, मालाची मोजणी करायला ऑडिटवाले येत. मोहफुलांचा वास सगळ्या रानात भरलेला, उन्हं डोक्यावर. ऑडिटवाले सावलीत खुर्ची टाकून बसत, पुढच्या थप्प्या दुरूनच मोजत, गुणवंतरावांच्या वहीशी आकडा जुळला की जेवून निघून जात. मागच्या अंगाला ते कधी फिरकले नाहीत, कारण तिथे कुंपणावर खाजकुयरी माजली होती. तिच्या शेंगांची लव अंगाला लागली की माणूस नाचतो.

शहाऐंशी साली श्रीहरी नावाचा तरुण ऑडिटवाला नागपूरहून आला. बारीक, चष्मेवाला, बोलायला गोड. खुर्ची दिली तरी बसला नाही. "आधी फिरून येतो," म्हणाला.

"मांगं नका जाऊ साहेब," वारलू ओरडला. "कुयरी हाय."

श्रीहरीला वाटलं, मागे काही दडवलं आहे म्हणून अडवतात. तो सरळ मागे गेला.

थोड्या वेळाने तो परत आला तेव्हा दोन्ही हातांनी मान ओरबाडत होता. चष्मा एका कानावर लोंबत होता. आम्ही हसू दाबायचा प्रयत्न केला आणि तो कोणालाच जमला नाही. रंभाबाई धावत गाईचं ताजं शेण घेऊन आली आणि "हालू नको रे बापा, हालू नको" म्हणत तिने त्याच्या मानेला, हातांना ते फासलं. नागपूरचा ऑडिटवाला शेणाने माखून स्टुलावर बसला होता, आणि तशातही त्याने विचारलं, "काका, ती मागची थप्पी कोणती? वहीत दिसली नाही."

"ते गावाची हाय जी," गुणवंतराव म्हणाले. आणि पहिल्या बांबूपासून सगळं सांगितलं. लपवण्यासारखं त्यांना काही वाटतच नव्हतं.

श्रीहरीने ऐकून घेतलं. मग एकेक विचारत गेला. बंडलं मोजून कोण घेतं? मी. वहीत कोण लिहितं? मीच. ट्रकमध्ये कोण भरून देतं? मीच जी. आणि पावतीवर सही? गुणवंतरावांनी पेटीतून पुस्तक काढून दिलं. पुढच्या महिन्याच्या कोऱ्या पावत्या, साहेबांच्या सह्यांसकट. श्रीहरी ती पानं उलटत राहिला आणि मान खाजवायची विसरला.

"थप्पी जास्तच निघाली ना साहेब," वारलू म्हणाला. "कमी तं नाई निघाली. मंग भांडण कायचं?"

"जास्त निघाली म्हणूनच भीती वाटते, भाऊ," श्रीहरी म्हणाला. "कमी निघालं तर कोणीतरी शोधतं. जास्तीचं कोणी शोधत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी खुशालराव जीप उडवत आले. जेवणाचं विचारलंच नाही, तेव्हाच आम्ही ओळखलं. त्यांनी गुणवंतरावांना पळसाच्या झाडाखाली नेलं. रंभाबाई तिथेच भांडी घासत होती आणि साहेबांना ती दिसली नाही, किंवा दिसूनही मोजली नाही.

"गुणवंतराव, हे मुख्य ऑफिसात गेलं तं तुमची नौकरी गेली समजा. वहीबाहेर माल ठेवला म्हणतीन. दोन वर्सं राह्यली तुमची. घराचं छत बाकी हाय ना भद्रावतीचं?"

"हाय जी. भिंती उभ्या हायेत."

"मंग आयका. वारलूनं ठेवली म्हणा थप्पी. चौकीदार हाय, त्याले हिसोब समजत नाई, चुकीनं ठेवली. त्याले काय, रान हाय, मोहा हाय, जगते तो. तुम्ही वाचान, मीही वाचीन."

गुणवंतरावांनी पायाशी पडलेलं पळसाचं फूल उचललं. मग म्हणाले, "साहेब, वारलूले हिसोब समजत नाई असं कसं म्हणता? माह्या पगाराचा हिसोब त्यालेच आधी समजला होता."

"मस्करी नका करू हो!"

"मस्करी नाई. त्याच्यावर टाकीन तं मी बुद्धाच्या फोटोसमोर कोणतं तोंड घेऊन बसू? अन् रंभा जेवाले तरी देईन काय मले?"

भांड्यांचा आवाज थांबला होता. रंभाबाई म्हणाली, "नाई देणार." एवढंच. आणि पुन्हा घासू लागली.

तरी गुणवंतरावांना एक खरंच कळत नव्हतं. आपण चोरी केली नाही, कोणाचं खाल्लं नाही, मग ह्या गोड पोराच्या चेहऱ्यावर एवढी काळजी कशाची? ते श्रीहरीपाशी जाऊन बसले आणि सरळच विचारलं. मी तेव्हा तिथे होतो. ते बोलणं मला अजून शब्दाशब्दाने आठवतं.

"साहेब, मी बेइमान वाटतो काय तुम्हाले?"

"नाही काका. एवढा सरळ माणूस मी कोणत्याच डेपोत पाहिला नाही."

"मंग?"

"तुम्ही दोन वर्षांनी जाल. तुमच्या जागी दुसरा येईल. मोजणी त्याच्याच हातात, वही त्याच्याच हातात, सही केलेल्या कोऱ्या पावत्या त्याच्याच पेटीत. तोही मागे एक थप्पी लावेल. ती गावातल्या मयतांसाठी असेल का?"

गुणवंतराव कानावरची पेन्सिल काढून बोटांमध्ये फिरवू लागले.

"माझ्या आईच्या पेन्शनचे पैसे आहेत ह्या कंपनीत," श्रीहरी म्हणाला. "तिने हा डेपो पाहिला नाही. तुम्हालाही ओळखत नाही. वर्षाच्या शेवटी एक छापील कागद येतो, तेवढाच तिला दिसतो. त्या कागदामागे एकट्या माणसाची नियत असून भागायचं नाही. नियत बदलीवर येत नाही."

पेन्सिल परत कानावर खोचून गुणवंतराव म्हणाले, "खरी गोठ हाय. मले हे कधी सुचलंच नाई. मी सोताले पाहून डेपो चालवला. मी चोर नाई, म्हणून कुलूपच नाई लावलं." आणि मग, आम्हाला कोणालाच वाटलं नव्हतं असं, "लिहा साहेब. वारलूचं नाव नाई, माहं लिहा. कोऱ्या सह्यांचंही लिहा. पण एक करा, थप्पी कोणाची ते आधी इच्यारून लिहा."

श्रीहरीने तोडणाऱ्यांना बोलावलं. सगळ्यांच्या पुढे गिरजाबाई. तिचा हात कुऱ्हाडीवर होता आणि जीभ कुऱ्हाडीपेक्षा धारदार.

"याची मजुरी कंपनीनं देली काय?" तिने उलटं विचारलं.

"नाही बाई."

"ट्रकात भरलं काय कधी?"

"नाही."

"मंग कंपनीचं काऊन होईन? तुम्ही शेण लावलं तं गाय तुमची झाली काय?"

श्रीहरी हसला. चष्मा पुसून त्याने लिहायला घेतलं. थप्पी कंपनीची नाही, तिची मजुरी दिलेली नाही, ती कुंपणाबाहेर हलवावी. आणि दुसरं, जे खरं दुखणार होतं ते: ह्या डेपोत घेणं, मोजणं, लिहिणं, देणं, सगळं एकाच हातात आहे आणि वरच्या अधिकाऱ्याची सही डोळे मिटून होते. खुशालराव त्याच्याभोवती घिरट्या घालत राहिले. "साहेब, 'डोळे मिटून' नका लिहू. 'घाईत' लिहा." श्रीहरीने 'न पाहता' लिहिलं.

त्याच आठवड्यात सगळ्या गावाने मिळून थप्पी बाहेर काढली, रस्त्याकडेच्या मोठ्या मोहाखाली. गुणवंतराव स्वतः खांदा देत होते आणि "कुंपणातलं वहीत, वहीतलं नाई ते कुंपणाबाहेर" असं नवीन शिकलेल्या पाढ्यासारखं प्रत्येकाला ऐकवत होते. नाकेदार आला, त्याने थप्पी पाहिली, आणि बिडी पेटवून दुसरीकडे पाहायला लागला. मयत त्याच्याही घरी व्हायचंच होतं.

आम्हाला वाटलं, मिटलं. मे महिन्यात मुख्य ऑफिसचं उत्तर आलं. डेपोत आता तीन माणसं राहतील. मोजणारा लिहिणार नाही, लिहिणारा देणार नाही, आणि सही माल पाहिल्यावरच होईल. खुशालराव साहेबांना ताकीद. आणि ज्याने वहीबाहेर माल ठेवला त्याला माल सांभाळण्याच्या जागेवर ठेवता येत नाही. आजपर्यंतचा हिशेब देऊन त्याला मोकळं करावं.

वारलू चिडून म्हणाला, "इमानदारीनं सांगतलं त्याचा हा न्याव?"

"अरे, बरोबर हाय त्यायचं," गुणवंतराव म्हणाले. "नियम माह्यापासून नाई लावतीन तं कोणापासून लावतीन? मले राग नाई." मग म्हणाले, "वाईट मात्र वाटून राह्यलं. ते वाटू दे." त्यांच्या आवाजात पहिल्यांदा म्हातारपण ऐकू आलं.

नव्या माणसांना त्यांनी डेपो असा समजावला, जशी आई सासरी जाणाऱ्या लेकीच्या सवयी सांगते. कोणत्या थप्पीखाली वाळवी लागते, कोणत्या कोपऱ्यात पावसाचं पाणी थांबतं, कोणता ट्रकवाला रागीट पण मनाचा चांगला. नवा मोजणारा आणि नवा लिहिणारा एकमेकांकडे संशयाने पाहत होते. गुणवंतराव त्यांना म्हणाले, "असंच पाहात जा एकमेकाकडं. पण चहा संगं पेत जा."

निघायच्या दिवशी सकाळपासून ऊन तापलं होतं. रंभाबाईने घर झाडून, अंगण सारवून ठेवलं. पुढे राहायला येणाऱ्यांसाठी. गुणवंतरावांनी पांढरा सदरा घातला आणि सगळ्यांना हात जोडले. खुशालराव जीप घेऊन आले होते, फाट्यापर्यंत सोडतो म्हणाले.

"नाई साहेब, पायी जातो," गुणवंतराव म्हणाले. "तुमची जीप कंपनीची. मी आता कंपनीचा नाई."

"अहो, दहा शेअर हायेत ना तुमच्याजवळ! मालक हाय तुम्ही."

"मंग मालक म्हणून सांगतो," ते म्हणाले, आणि त्या सकाळी पहिल्यांदा हसले, "पेट्रोल वाचवा."

ते दोघं निघाले. रंभाबाईच्या डोक्यावर गाठोडं, त्यांच्या हातात पिशवी आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला बुद्धाचा फोटो. आलापल्लीच्या बसचा फाटा दूर होता आणि रस्ता धुळीचा. रंभाबाईने दोनदा मागे वळून पाहिलं. त्यांनी एकदाही नाही. सागांच्या पहिल्या वळणाशी त्यांनी तिच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवून आपल्या खांद्यावर घेतलं, तिने नको म्हटलेलं आम्हाला दुरूनही कळलं, आणि मग दोघं झाडांच्या मागे गेले.

गिरजाबाई आणि तोडणाऱ्या बाया कामावर परतल्या. वारलू फाटकाशी खाली बसून राहिला. खुशालराव साहेब मात्र रस्त्याच्या मधोमध, टोपी हातात घेऊन, भर उन्हात उभे होते. ड्रायव्हर दोनदा विचारून गेला. तरी ते त्या वळणाकडे पाहतच होते.